तगर ते तेर: धाराशिव जिल्ह्यातील तीन निवांत गावे आणि भूमध्य समुद्र

कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. अनवाणी पाय, गळ्यात कवड्यांच्या माळा, संबळाचा आवाज, वाटेत ठिकठिकाणी फराळाचे मंडप. दर्शन झाले की यातल्या पुष्कळशा गाड्या अक्कलकोटला किंवा पंढरपूरला वळतात आणि मग घरी परततात. हा त्रिकोण आता इतका पक्का झाला आहे की धाराशिव जिल्हा म्हणजे तुळजापूर, असेच बाहेरच्या माणसाला वाटते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आई भवानी आमचीही कुलस्वामिनी आहे. पण त्या त्रिकोणाच्या बाहेर तेर, परंडा आणि नळदुर्ग ही तीन गावे आहेत. पस्तीस वर्षे या जिल्ह्यात इतिहास शिकवताना मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेलो. नळदुर्गच्या अंगावरून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जातो, तरी गाड्या चहापुरत्याच थांबतात. परंड्याला मुद्दामच जावे लागते. तेर धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर आहे, पण त्या वाटेने पुढे जायचे कारण फारसे कोणाला पडत नाही.

या गावांना आपण सहज ‘आडगाव’ म्हणतो. जणू ती जन्मापासून आडवाटेलाच होती. मला वाटते, गाव आडवाटेला जात नाही, वाट सरकते. ती का सरकली, हे शोधत गेले की या तिन्ही गावांचा एकेक धागा थेट भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत जातो.

तेरपासून सुरुवात करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा लिहिणाऱ्या कोणा अनाम व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वहीच लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती अभ्यासकांना परिचित आहे. ती वाङ्मय म्हणून लिहिलेली नाही. कुठे कोणता माल मिळतो, कुठे काय खपते, कोणत्या बंदरात नाव शिरताना वाळूचा धोका आहे, असा सगळा रोखठोक मामला. त्यात बारिगाझाचे, म्हणजे भडोचचे वर्णन करताना तो आतल्या मुलखाकडे वळतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, असे तो नोंदवतो. पैठणहून अकीक, तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल, शिवाय पूर्व किनाऱ्याकडून तिथे येऊन पडलेला माल. हे सगळे गाड्यांवर लादून, बिनरस्त्याच्या मोठमोठ्या मुलखातून भडोचला आणले जाते.

‘बिनरस्त्याच्या मुलखातून’ हे शब्द वाचताना मला नेहमी काळ्या रानातल्या चिखलात रुतलेले गाडीचे चाक दिसते. दहा दिवस पैठणपर्यंत आणि मग आणखी वीस दिवस. महिनाभर बैल चालवून मलमल समुद्रापर्यंत न्यायची. तेरहून कोकण किनारा त्या मानाने जवळ. मग कल्याणला का नाही न्यायची? त्याचेही उत्तर त्याच वहीत आहे. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती. पण पुढे सत्ता बदलली, तिथल्या व्यापारावर निर्बंध आले आणि चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्या झगड्याचा तो काळ. म्हणजे तगरच्या विणकराचे कापड कोणत्या वाटेने जाणार, हे दूरच्या बंदरावरची जकात ठरवत होती. वाट सरकते म्हणतात ती अशी.

दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगर येते. शिलाहार राजे, मग ते कोकणातले असोत की कोल्हापूरचे, स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांची सत्ता तेरवर नव्हती; पण आपले मूळ तगरचे, हे सांगण्यात त्यांना मोठेपणा वाटे. शहर विरले तरी नावाचा दबदबा उरला होता.

मात्र ते शहर नेमके कुठले, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणालाही ठरवता आले नाही. कोणी देवगिरी म्हटले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, डॉ. भांडारकरांचा कल धारूरकडे होता. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे सिद्ध केले. त्यांच्या मांडणीत अंतराचा हिशेब आहेच, पण मला त्यातली भाषेची बाजू जास्त आवडते. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. तगरचे तयर झाले, तयरचे तेर. वाचकांना हे ओढूनताणून वाटत असेल तर पारनेर, जामनेर, अमळनेर ही नावे आठवावीत. तिथे ‘नगर’ याच वाटेने ‘नेर’ झाले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापाऱ्याने कानाने टिपलेले नाव आमच्या एस.टी.च्या पाटीवर झिजून एका अक्षराने कमी होऊन उभे आहे.

फ्लीटनंतर हेन्री कझिन्स तेरला आले. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहून त्यांनी ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले. हे देऊळ मागून पाहिले तर हत्ती बसल्यासारखे दिसते: मागची भिंत गोलाकार, वर पालथ्या नावेसारखे छत. अशी गजपृष्ठाकार, जमिनीवर बांधलेली आणि अजून छतासकट उभी असलेली वास्तू फार दुर्मिळ. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ या जातीचे. आत त्रिविक्रमाची देखणी दगडी मूर्ती आहे. बुद्धाचे देऊळ विष्णूचे झाले म्हणून ते टिकले. पूजा थांबली असती तर त्या विटा केव्हाच गावाच्या घरांत गेल्या असत्या.

१९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केले आणि पुढेही अनेकदा ते झाले. मोठ्या विटांचा स्तूप निघाला, सातवाहनांची नाणी निघाली, चकाकत्या लाल आणि काळ्या मृद्‌भांड्यांचे तुकडे निघाले. पण तेरची खरी तिजोरी उत्खननाने भरलेली नाही. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे पावसाने उघडे पडलेले मणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, दिवे जमवले. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरच्या या ठेव्यावर छोटे पुस्तक लिहिले, ते मुख्यतः या संग्रहाच्या आधारावर. आज लामतुऱ्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला आहे. सरकारी खाते पोचण्याआधी एका दुकानदाराने हे ओळखले, हे मी प्रत्येक वर्गात सांगत आलो.

त्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हस्तिदंतात कोरलेली एक लहानशी स्त्री. आणि तिच्यामुळे मला इटलीकडे जावे लागते.

दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या आणि सूनबाई लग्नानंतर तिकडे फिरायला गेले. दोघेही पुण्यात नोकरीला. नेपल्सहून बोटीने काप्री बेटावर गेले. तिथल्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून वर डोंगरात आनाकाप्री नावाच्या निवांत गावी राहिले. हल्ली प्रवासी मंडळींत असे गर्दी टाळून कडेच्या गावी राहणे चांगले समजतात. परतताना नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयातून त्याचा फोन आला.

“काका, इथं एक हस्तिदंती बाई आहे. हिंदुस्थानातून आलेली असं लिहिलंय. तुम्ही तेरचं सांगायचा, ती हीच का?”

“ती नव्हे. तिची बहीण म्हण.”

“म्हणजे ही आपल्याकडची?”

“तू धाराशिवात वाढलास. तेरला किती वेळा गेलास?”

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “एकदा. आईबरोबर, गोरोबाकाकांच्या यात्रेला. म्युझियम नाही बघितलं.”

ती नेपल्सची मूर्ती १९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे त्याआधी ती तिथे पोचली होती. साधारण वीतभर उंचीची, अंगभर दागिने ल्यालेली, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. डोक्यावर भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव तिला चिकटले, पण ती लक्ष्मीपेक्षा यक्षी वाटते. तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रिया तिच्याशी इतक्या जुळतात की ती दख्खनमध्येच घडली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. उलट बाजूही आहे. तिच्यावर खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून काही जण तिचे माहेर तिकडे शोधतात. मला पहिले मत पटते. खरोष्ठी अक्षर वाटेतल्या दलालाचे किंवा कारागिराचे असू शकते, पण केसांची वेणी, कमरपट्टा, पायातले वाळे ही घडण साच्यासारखी जुळते. गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. अभिमान असेल तर तो भोकरदनचाही आहे.

ज्या काप्रीच्या चौकात पुतण्याला उभे राहायला जागा मिळाली नाही, त्याच बेटावर सम्राट टायबेरियसने आपल्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे काढली. पॉम्पेई खाडीच्या पलीकडे. इ. स. २२ मध्ये त्याने रोमच्या सिनेटला लिहिले होते की बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांच्या हाती चालला आहे. पुढे प्लिनीने आकडा मांडला: दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात. या दोघांच्या तक्रारीत तगरच्या मलमलीचाही थोडा वाटा असणार. टायबेरियसची नाणी दक्षिण हिंदुस्थानात विपुल सापडतात आणि दख्खनमध्ये तर रोमन नाण्यांवरून मातीची पदके करून गळ्यात घालत. राजाचे तोंड कोणाचे, याच्याशी घालणाऱ्याला कर्तव्य नसावे. ऐट मात्र परदेशी.

ही देवाणघेवाण तेरच्या मातीत आणखी एका जागी दिसते. तिथल्या पांढऱ्या चिनीमातीसारख्या मातीच्या बाहुल्या दुहेरी साच्यात काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे. त्यामुळे आतून पोकळ, वजनाला हलकी बाहुली. हे तंत्र भूमध्य प्रदेशातून आले असे मानतात. म्हणजे इथून माल गेला आणि तिथून हुन्नर आला. याच गावात पुढे तेराव्या शतकात गोरोबाकाका मडकी घडवत होते आणि संतांची मस्तके थापटण्याने वाजवून कच्चे-पक्के ठरवत होते, अशी परंपरा सांगते. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे. तेरच्या कुंभारकामाची सलग परंपरा सातवाहनांपासून गोरोबांपर्यंत दाखवता येईल असा पुरावा नाही, आणि मी तसे म्हणणारही नाही. पण त्या बाहुल्या पाहून समाधीवर गेले की मनात जोड लागतेच.

मागच्या हिवाळ्यात पुतण्या आणि सूनबाई तुळजापूरला ओटी भरायला आली, तेव्हा मी त्यांना तेरला नेले. वस्तुसंग्रहालयात त्या वेळी आमच्याखेरीज कोणी नव्हते. सूनबाई हस्तिदंती मूर्तीपेक्षा उत्तरेश्वराच्या देवळाच्या कोरीव लाकडी दारचौकटीपुढे जास्त वेळ उभी राहिली. “लाकूड इतकी वर्षं टिकतं?” तिने विचारले. टिकते, कारण ती चौकट देवळाच्या आत होती आणि देऊळ कोणाच्या वाटेत नव्हते. गाव मोठे होत गेले असते, तर नव्या देवळासाठी ती केव्हाच उतरवली गेली असती. निवांतपणाने तेरचे नुकसान केले तसे रक्षणही केले. तगर विरले, पण त्याच्यावर दुसरे शहर उभे राहिले नाही.

आता मात्र भीती वेगळी आहे. आपल्या भागात गावठाणाची पांढरी माती काळ्या रानात टाकायची जुनी रीत आहे. राखेने, शेणाने, शतकांच्या वस्तीने ती कसदार झालेली असते. पूर्वी पाटीने, बैलगाडीने न्यायचे. आता यंत्राने उकरायचे म्हटले तर एका दुपारी सातवाहनांचा काळ ट्रॉलीत भरून निघून जाऊ शकतो. शेतकऱ्याला दोष देऊन काही होणार नाही. त्याच्या दृष्टीने ते खत आहे. आणि तेर हे माणसे राहणारे गाव आहे, ज्याला घराचा पाया खणायचा आहे त्याला आपण रोम आणि पॉम्पेई सांगून अडवणार कसे? लामतुऱ्यांनी लोकांना मणी उचलून ठेवायला शिकवले. त्या शिकवणीची आज पुन्हा गरज आहे. पाहुणे आले, त्यांच्याकडून चहावाल्याला, रिक्षावाल्याला चार पैसे मिळाले, तर मातीपेक्षा मणी महाग आहे हे कोणाला पटवावे लागणार नाही. मात्र काप्रीच्या चौकासारखे पाहुणे नकोत. आनाकाप्रीसारखे, रात्री मुक्कामाला राहणारे असावेत.

तेरची वाट व्यापार आटल्याने सरकली. परंड्याची राज्ये बदलल्याने सरकली. हा किल्ला महमूद गावानच्या काळातला सांगतात. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा मलिक अंबरने मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले आणि काही काळ निजामशाहीचा कारभार परंड्याहून चालला. आजच्या परंड्याच्या बाजारात उभे राहून ‘ही राजधानी होती’ म्हटले तर पोरे हसतात. विजापूरला लाखो लोक जी मुलुखमैदान तोफ पाहतात, ती या परंड्याच्या किल्ल्यावर होती. १५४९ साली अहमदनगरला ती ओतली महंमद बिन हसन रूमी याने. हा ‘रूमी’ म्हणजे रूमचा माणूस. पूर्व रोमन साम्राज्याची भूमी म्हणून आशिया मायनरला मुसलमानी जगात ‘रूम’ म्हणत आणि तिथल्या तुर्कांना रूमी. तगरची मलमल ज्या रोमला गेली, त्याच नावाचा माणूस दीड हजार वर्षांनी तोफा ओतायला आमच्याकडे आला. भूमध्याच्या पूर्व काठावरचे तोफखान्याचे ज्ञान तेव्हा दख्खनच्या सगळ्या शाह्यांना हवे होते.

१६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती तोफ परंड्याहून विजापूरला ओढत नेली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा आणि तुळापूरला नावेत हत्ती तोलणारा म्हणून मराठी वाचकाला माहीत असलेला तोच हा मुरार जगदेव. तोफेचे वजन सुमारे पंचावन्न टन. तिच्याबरोबरची ‘कडक बिजली’ वाटेत नदीत बुडाली, असे म्हणतात. परंड्याच्या बुरुजांवर अजून पुष्कळ तोफा आहेत, पंचधातूच्याही. त्यांच्यावरची नक्षी हाताने चाचपून पाहता येते, इतकी मोकळीक तिथे आहे. जाताना भूम तालुक्यातले माणकेश्वरचे देऊळ बघावे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींना एक दुपार पुरत नाही.

नळदुर्ग त्या मानाने लोकांना थोडा ठाऊक आहे, पाणीमहालामुळे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असते आणि आत बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाही. गर्दी होते ती त्या चार-सहा आठवड्यांत. मी म्हणेन, मार्गशीर्षात जा. पाणी संथ असते, उपळ्या बुरुजावर चढून सगळा मुलूख दिसतो आणि ओरडणारे कोणी नसते.

नळदुर्गही एके काळी जिल्ह्याचे ठाणे होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर हा मुलूख इंग्रजांकडे दिला, तेव्हा फिलिप मेडोज टेलर उपायुक्त म्हणून इथे आला आणि किल्ल्यातच राहिला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा टेलर तो हाच. १८५७ च्या धामधुमीत त्याची रवानगी वऱ्हाडात झाली. १८६० मध्ये नळदुर्ग निजामाकडे परत गेले आणि पुढे जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला हलले. कचेरी गेली तशी वकील, कारकून, भोजनगृहे, टांगेवाले गेले. गावाची कळा जायला एवढे पुरते. टेलरने मात्र १८६३ साली ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी आहे. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तुळजापूरची पायवाट दाखवणाऱ्या पहिल्या पुस्तकांत तिची गणना करावी लागेल आणि ती दाखवणारा माणूस नळदुर्गच्या बुरुजांवर चार वर्षे वावरला होता.

म्हातारपणी, दृष्टी अधू झालेली असताना, तो पुन्हा एकदा हैदराबादला येऊन गेला. प्रकृती बिघडली. परतीच्या वाटेवर, मायदेशी पोचण्याआधी, १८७६ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मांतों या भूमध्य समुद्राकाठच्या गावी तो वारला. त्याचे आत्मचरित्र मुलीने पुढच्या वर्षी छापले. नळदुर्गच्या किल्ल्याची आणि त्या बांधाची हकिगत त्यात आहे.